पहिल्या धारेची

गावाकडच्या आठवणी लिहिणाऱ्या मंडळींना एक खोड आहे. पुस्तकात गुऱ्हाळ आलं, की दोन पानं पुढं हातभट्टी ठरलेली. ओढ्याकडंची करंजाची झाडी, माघातली थंडी, चुलीवर मडकं, आणि कुणीतरी आबा नाहीतर तात्या पितळीत चार थेंब ओतून काडी ओढतो, निळा जाळ दाखवतो आणि म्हणतो, "बघ मर्दा, पहिल्या धारेची हाय!" वाचणारा शहरातला असला, की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. लिहिणारा खाली पुस्ती जोडतो, की त्या काळची दारू शुद्ध होती, गुळाची होती, औषधाला चालायची, आताच्यासारखी भेसळ तेव्हा नव्हती.

अशी पाच-सात पुस्तकं माझ्या घरात आहेत. बाकीची पानं चांगली आहेत, पण हे पान खोटं आहे. ते खोटं कुठं कुठं आहे, ते एकेक करून सांगतो. मी कृष्णाकाठचा ऊसवाला आहे. गूळ होतो कसा आणि बिघडतो कसा, हे काहिलीजवळ उभं राहून शिकलो. गाळण्याची रीत मात्र मी एका पाहुण्याकडून समजून घेतली. तो साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होता. त्याची नोकरीच दारू मोजायची, पण स्वतः थेंबाला शिवला नाही.

पहिलं खोटं गुळाचं. 'गुळाची म्हणून शुद्ध' असं म्हणणाऱ्यानं एवढं सांगावं, की पिवळाधमक, कणीदार गूळ कुठला शेतकरी भट्टीला देईल? तो कराडला, सांगलीला, कोल्हापूरला अडतीवर जातो, त्याचे पैसे होतात. भट्टीला जातो तो पाझरलेला गूळ. खाऱ्या रानातल्या उसाचा, बसका, पावसाळी हवेत सुटलेला, काळा पडलेला, मुंग्या आणि गांधीलमाश्या लागलेला. ढेप हातात धरवत नाही, पोत्याला चिकटते. जनावरानं तोंड लावलं तर लावलं, नाहीतर भट्टी. पेपरात धाडीची बातमी येते तेव्हा 'काळा गूळ' असे दोन शब्द त्यात असतातच. आठवणींच्या पुस्तकात मात्र तो गूळ सोन्यासारखा चमकतो.

दुसरं खोटं आंबवण्याचं. गुळाच्या पाण्याला आंबवणारा एक जीव असतो, त्याला किण्व म्हणतात, यीस्ट म्हणतात. आंबणं म्हणजे जिवंत जंतूंचं काम आहे, हे पाश्चर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं दीडशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं. हा जीव साखर खातो आणि दोन वस्तू टाकतो, दारू आणि वायू. वजनानं बघितलं तर साखरेची साधारण निम्मी दारू होते आणि निम्मी वायू होऊन उडून जाते. ह्या जीवाला ऊब लागते, स्वच्छ भांडं लागतं आणि थोडा नत्र लागतो. उसाला युरिया लागतो तसाच. मोठ्या डिस्टिलरीतही त्याला नत्राचं खाद्य देतात, पण मोजून. पाहुणा म्हणायचा, "मामा, तुम्ही एकरी किती पोती युरिया टाकायचा ते बघता ना? आमचंबी तसंच. जास्त टाकला की पीक लोळतं."

भट्टीवाल्याचं मोजमाप म्हणजे त्याची मूठ. त्याला घाई असते, कारण पिंप जितके दिवस ओढ्याकाठी पुरून राहील तितके दिवस धाडीची भीती. मग तो नवसागर टाकतो. नवसागर म्हणजे कल्हईवाला भांडं तापवून जो टाकायचा, ज्याचा पांढरा धूर निघायचा, तो. त्यात नत्र असतो म्हणून आंबायला जोर येतो, एवढं खरं आहे. पण चिमटीचं काम ओंजळीनं केलं की काय होतं, हे भट्टीवाला बघत नाही, कारण ते पिणाऱ्याच्या पोटात होतं. नवसागर मिळेना झाला की टॉर्चचे जुने सेल फोडून टाकणारेही असतात. शहरातला माणूस हे ऐकून 'अडाणीपणा' म्हणतो. त्याच्यामागं एक हिशोब आहे. जुन्या पद्धतीच्या सेलात नवसागरच असायचा. पण सेलात नवसागराबरोबर जस्त असतं, काळी मँगनीजची पूड असते. ती कुठं जाते? रसायनात. पेपरवालेही त्याला 'रसायन'च म्हणतात, दारू म्हणत नाहीत, आणि ह्या बाबतीत पेपरवाल्यांचा शब्द आमच्या लेखकांपेक्षा जास्त इमानी आहे.

पिंप कुठं असतं, तेही पुस्तकात येत नाही. ते उकिरड्यात पुरलेलं असतं, ऊब मिळावी म्हणून. नाहीतर उसाच्या फडात, नाहीतर ओढ्याच्या दरडीत. वर फळकुट, त्यावर पाचट. वासानं उंदीर येतात, घुशी येतात. आत पडलेली घूस काढून टाकायची, की पुढचं काम सुरू. ते पिंप पूर्वी कशाचं होतं, औषधाचं का ऑईलचं, हे विचारायची पद्धत नाही. पिंपाला झाकण घट्ट बसवलं तर वायू कोंडतो आणि झाकण उडतं. सैल ठेवलं तर हवा शिरून दारूचा व्हिनेगर होतो. घरच्या बाईला हे कळतं. आंबील किती वेळ ठेवायची, इडलीचं पीठ किती फुगेल म्हणून भांडं केवढं घ्यायचं, हे तिला आईनं शिकवलेलं असतं. दोन घागरी पाण्याचा हिशोब न जमणारा गडी मात्र दोनशे लिटर आंबवायला बसतो आणि त्याला आम्ही 'जुना कसबी' म्हणतो.

आता त्या पहिल्या धारेकडं येतो. माझं खरं भांडण तिच्याशी आहे.

आंबलेलं पाणी तापवलं की त्यातलं सगळं एकदम वर येत नाही. ज्याला आच कमी लागते ते आधी निघतं. पिण्याची दारू, म्हणजे इथेनॉल, ७८ अंशाला उकळते, पाणी १००ला. पण त्या दोघांच्याही आधी काही उग्र, हलके पदार्थ निघतात. त्यात मिथेनॉल असतं, ते ६५ अंशाच्या आसपासच उकळतं. डोकं धरवणारे, घशाला चरचरणारे दुसरे पदार्थही असतात. म्हणून जगात कुठंही नीट गाळणारा कारागीर पहिली धार पीत नाही, विकत नाही. ती बाजूला काढतो, टाकून देतो. मधली ठेवतो आणि शेवटची, पाणचट, तेलकट वासाची पुन्हा बाजूला काढतो. पाहुण्याला मी पहिल्यांदा विचारलं, की पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात चांगली ना? तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "मामा, आम्ही जे फेकतो त्याला तुमच्याकडं जास्त पैसे मोजत्यात."

गुळाच्या रसायनात मुळात मिथेनॉल फार थोडं असतं, हे मला सांगितलंच पाहिजे. कुजक्या फळांचं रसायन असलं तर थोडं जास्त. त्यामुळं एका ग्लासानं कुणी जागेवर मरत नाही. पण जे आहे ते पहिल्या धारेत जास्त, आणि तीच आम्ही पाहुण्यासाठी, साहेबासाठी, मानकऱ्यासाठी राखून ठेवतो. आमच्या भाषेत 'पहिल्या धारेचा' हे शाबासकीचं विशेषण झालं. पहिल्या धारेचा पैलवान, पहिल्या धारेची लावणी. दुधाच्या धारेला तो मान ठीक आहे. भट्टीच्या धारेला तो कुणी दिला? ज्याला गाळता येत नव्हतं त्यानं दिला आणि लिहिणाऱ्यांनी तो छापला.

काडीची परीक्षाही तशीच. पेटली म्हणजे अस्सल! पेटल्यानं एवढंच कळतं, की पाण्यापेक्षा जळणारं द्रव्य भरपूर आहे. ते कुठलं, हे काडी सांगत नाही. मिथेनॉलही पेटतं. त्याचाही जाळ निळा असतो, उजेडात तर दिसतही नाही. रॉकेलही पेटतं. मग रॉकेल प्यायचं का? पितळीतला निळा जाळ ही जादूगाराची करामत आहे, परीक्षा नाही. ह्या करामतीवर विश्वास ठेवून माणसं बिनधास्त प्यायली आहेत.

आणि गाळताना काय होतं? मडक्यावर मडकं, सांधे कणकेनं नाहीतर चिखलानं लिंपलेले, नळी एखाद्या ट्रॅक्टरच्या मोडीतली. नळीत चोथा अडकला की वाफ कोंडते आणि वरचं मडकं उडतं. खाली उघडा जाळ आणि वर पेटणारी वाफ. जाळ घालायला कोण असतं? मोठा माणूस नसतो, तो राखणीला झाडीच्या तोंडाशी विड्या ओढत बसतो. जाळ घालायला पोरगं असतं, दहा-बारा वर्षांचं. अशा एका पोराचा गळा आणि डावा हात मी बघितला आहे. कातडी आवळून हात कोपरात कायमचा वाकला. गावात सांगितलं, चहाचं आधण सांडलं. चहाच्या आधणानं एवढा माणूस भाजत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आठवणीच्या पुस्तकात भट्टीजवळचा आबा असतो, तात्या असतो. जाळ घालणारं पोरगं नसतं.

आता कुणी म्हणेल, की हे सगळं कबूल, पण माणसं मेली ती भेसळीनं. हातभट्टीनं नाही. हा मुद्दा खरा आहे आणि तो मी अर्धवट सोडणार नाही.

२००४ साली मुंबईत विक्रोळीला ऐंशीच्या वर माणसं मेली. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर. गुजरातेत दारूबंदी आहे, तरी २०२२च्या जुलैत बोटादकडं चाळीसच्या वर. तमिळनाडूत कल्लाकुरिचीला २०२४च्या जूनमध्ये साठाच्या वर. अशा ठिकाणी मारेकरी असतो तो गुळाच्या आंबवणीतला मिथेनॉलचा अंश नसतो. मारेकरी असतं ते कारखान्यातलं मिथेनॉल. रंगाला, औषधाला, प्लायवूडच्या डिंकाला लागणारं. ते पिंपानं येतं, स्वस्त असतं, पाण्यासारखं दिसतं आणि वासही दारूसारखाच. दारू आंबवायला आठवडा, गाळायला रात्र, वर धाडीची भीती. मिथेनॉलमध्ये पाणी घातलं की पाच मिनिटांत माल तयार. धंदेवाल्याला कुठलं परवडेल?

पण म्हणून जुनी हातभट्टी निर्दोष सुटत नाही. हे विष लोकांपर्यंत आलं कुठल्या वाटेनं? त्याच वाटेनं. तीच रबरी ट्यूब, तोच प्लॅस्टिकचा कॅन, तोच अंधारातला ग्लास, तीच 'शुद्ध हाय, काडी लावून बघ' ही बोली. जिला नाव नाही, बिल नाही, माप नाही, गाळणाऱ्याचा पत्ता नाही, त्या वस्तूत काय मिसळलं हे पिणाऱ्याला कळणार कसं? शंभर वर्षं आपण लोकांना शिकवलं, की बिननावाचीच अस्सल. मग एक दिवस बिननावाचं विष आलं आणि लोकांनी ते अस्सल म्हणून घेतलं. त्या शिकवणीत आमची पुस्तकंही होती.

मिथेनॉल काय करतं ते स्पष्ट लिहितो, कारण हे वाचून एखाद्या घराला उपयोग झाला तर झाला. पोटात गेल्यावर त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. मुंगी चावल्यावर जी आग होते, त्यातलंच आम्ल. ते डोळ्याच्या मज्जातंतूवर जातं. दोन चमचे मिथेनॉल माणसाला आंधळं करायला पुरतं. पण ते लगेच दिसत नाही. बारा तास, कधी दिवसभर, माणसाला वाटतं, की जरा जास्त झाली. मग पोटात कळा, उलट्या, डोळ्यापुढं धुकं. घरचे लिंबूपाणी देतात, ताक देतात, झोप म्हणतात. हीच वेळ दवाखान्यात न्यायची असते. वेळेत नेलं तर औषध आहे, रक्त धुऊन काढायची सोय आहे. पण नेत नाहीत, कारण पोलीस केस होईल. डॉक्टर 'काय प्याला होतास?' विचारतील आणि गाळणारा भावकीतला असतो.

आमच्या वाडीत एक गडी होता. नाव लिहीत नाही, त्याच्या घरची माणसं गावात आहेत. नांगराचा सरळ तास धरण्यात त्याच्याइतका गडी पंचक्रोशीत नव्हता. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तो दिवसभर ओकत होता. घरात ताक दिलं, अंगारा लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बायकोला विचारलं, "अजून उजाडलं न्हाई व्हय? दिवा का लावला न्हाईस?" तेव्हा उन्हं उंबऱ्यावर आली होती. सिव्हिलला नेलं, जीव वाचला, डोळे गेले ते गेले. पुढं चौदा वर्षं तो जगला. बायकोनं दुसऱ्याच्या रानात भांगलणी करून, ऊस लावणीची कामं करून दोन पोरी उजवल्या. पारावर हातभट्टीच्या जुन्या गोष्टी निघाल्या, कोण किती प्यायचा, कुणाची किती कडक, की तो काठी चाचपत उठून जायचा. बोलायचा काही नाही. गोष्ट सांगणारे तो गेल्यावर आवाज वाढवायचे.

त्याच्यासमोर बसून 'पहिल्या धारेची' असं एक वाक्य लिहून दाखवावं, एवढंच माझं लेखक मंडळींना सांगणं होतं. तो आता नाही.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर मी सरकारी माणूस आहे असं वाटायचं.

आमच्या भावकीतला एक पोरगा पुण्यात कॉम्प्युटरवर आहे. गेल्या काही वर्षांत त्याला घरी बिअर करायचा नाद लागला. मोड आणून वाळवलेलं जव, हॉप्स नावाची कडू फुलं, यीस्टची पाकिटं, थर्मामीटर, सगळं घेऊन तो दिवाळीला आला. बिअर नुसती आंबवायची असते, गाळायची नसते, म्हणून तिच्यात पहिल्या धारेचा धोका नाही, हे त्यानं मला बरोबर सांगितलं. पण आंबणं पुरतं संपायच्या आत त्यानं बाटल्या भरल्या, बुचं ठोकली आणि फडताळात ठेवून दिल्या. आमच्याकडची ऊब पुण्यापेक्षा वेगळी. भाऊबीजेच्या पहाटे एकामागं एक अशा सात बाटल्या फुटल्या. काचा लोणच्याच्या बरणीपर्यंत गेल्या. वहिनी काचा वेचत म्हणाली, "भाकरीचं पीठ आंबलं तर वरचं ताट उचलतं, मग ही बाटली कशी दम धरंल? एवढं शिकलास, ते कशाला?" सगळे हसले. त्यानं फोटो काढला आणि मित्रांना पाठवला.

हसण्यासारखंच होतं ते. पण त्या पोराच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यात बिनपरवाना दारू करणं हा गुन्हा आहे, मग ती बिअर असो नाहीतर गुळाची. प्यायलासुद्धा परवाना लागतो. म्हणजे त्याचं फडताळ आणि ओढ्याकाठचं पिंप कायद्यापुढं एकाच रांगेत. पण धाड कधी पुण्याच्या फ्लॅटवर पडलेली ऐकली आहे? एकाच्या चुकीला छंद म्हणतात, तिचा फोटो निघतो. दुसऱ्याच्या चुकीचाही फोटो निघतो, पण मागं खाकी उभी असते.

वाईनचंही तेच. २००१ साली सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडं विंचूरला आणि आमच्याकडं पलूसला वाईन पार्क निघाले. तासगावच्या शेतकऱ्याला वाटलं, की आता द्राक्षाला दुसरं गिऱ्हाईक आलं. मग कळलं, की खायचं द्राक्ष वेगळं आणि वाईनचं वेगळं. २७ जानेवारी २०२२ला मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि महाराष्ट्रभर भांडण लागलं, की वाईन दारू आहे की नाही. आंबवलेल्या साखरेत होतं ते सगळीकडं एकच, इथेनॉल. बाटलीचा आकार बघून यकृत आपलं काम बदलत नाही. द्राक्ष बागायतदाराच्या नावानं ज्यांना दुकान मांडायचं असेल त्यांनी मांडावं, पण ही दारू नव्हे असं सांगू नये.

गावातल्या बायकांच्या हातात सरकारनं एक हत्यार दिलं, उभी बाटली, आडवी बाटली. पंचवीस टक्के बायकांनी सह्या करायच्या, मग मतदान, आणि मतदारयादीतल्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. चांगलं हत्यार आहे. सातारा-सांगलीच्या बायकांनी ते वापरून दुकानं बंद पाडली, मी त्यांना मानतो. पण आडवी होते ती परवान्याची बाटली. हातभट्टीला परवानाच नाही, तर आडवं काय करणार? दुकान बंद झालं, की ओढ्याकाठचं पिंप दुप्पट होतं. गावानं मिरवणूक काढली, त्या रात्री भट्टीवाल्यानं नवा गूळ भिजत घातला, असंही झालं आहे.

मग धाड. धाडीत पिंपं आडवी करतात, रसायन ओढ्यात सोडतात, फोटो काढतात. ओढ्यातले मासे दुसऱ्या दिवशी उताणे तरंगतात, कारण ते सडकं पाणी ओढ्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं. एकदा खालच्या आळीतली म्हैस ते पाणी पिऊन दोन दिवस झिंगली, धार काढू देईना. भट्टीवाल्याचं नुकसान किती? चार ढेपी काळा गूळ आणि एक पिंप. आठवड्यात ते भरून निघतं. भरून काढायला तो काय करतो? घाई करतो, नवसागर वाढवतो, पाणी वाढवतो, आणि कुणी पिंपानं स्वस्त 'स्पिरिट' आणून दिलं तर तेही घेतो. म्हणजे अर्धवट धाड ही दारू बंद करत नाही, ती आणखी विषारी करते. धाड टाकायचीच तर भट्टीच्या मडक्याबरोबर मिथेनॉलच्या पिंपाचा माग काढा. ते ओढ्यात उगवत नाही. कुठल्या तरी गोदामातून, कुठल्या तरी पावतीवर ते निघालेलं असतं.

शेजारच्या गोव्यात काजूची फेणी गाळतात. तीही भट्टीच आहे. पण भट्टीला परवाना आहे, गाळणाऱ्याला नाव आहे. पहिल्या गाळपाचा हुर्राक वेगळा विकतात, पुन्हा गाळून फेणी करतात. २००९ साली फेणीला भौगोलिक निशाणी मिळाली. बाटलीत काही बिघडलं तर बोट कुणाकडं दाखवायचं हे ठाऊक असतं. आमच्याकडं तसं करावं का? माझं मत विचाराल तर करू नये. गोव्याचं गोव्याला लखलाभ. ह्याच मुलखात, सातारा आणि सांगली एक जिल्हा असताना, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं न्यायदान मंडळं चालवली, हुंड्याशिवाय लग्नं लावली आणि दारूबंदीही राबवली. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' हे व्यसनमुक्तीचं केंद्र उभं केलं. आमचा वारसा हा आहे. पण सरकारला माझं मत पटत नसेल, तर त्यानं गोव्यासारखं उघड करावं. नाव, परवाना, माप आणि जबाबदारी. दोन्हींतलं काहीच न करता हप्ता आणि धाड आलटून-पालटून चालवणं, हे मात्र पाप आहे.

सरकारचं सरकारनं बघावं. मी बोलतोय ते लिहिणाऱ्यांशी. हातभट्टीवर लिहू नका असं माझं म्हणणं नाही, लिहाच. ती आमच्या गावात होती, ती झाकून काय करणार? पण लिहाल तेव्हा पुरतं लिहा. गूळ कुठला होता ते लिहा. पिंपात काय काय पडलं होतं ते लिहा. जाळ कोण घालत होतं आणि त्याची शाळा कितवीत सुटली ते लिहा. एका ग्लासाला भांगलणीची किती रोजंदारी जात होती आणि त्या संध्याकाळी त्या घरात काय शिजलं, तेही एका ओळीत लिहा. मग निळ्या जाळाचं वर्णन करा, पान अडवणार नाही. आणि कुणी शहरातला मित्र शनिवार-रविवारी गाडी घेऊन आला आणि 'जरा पहिल्या धारेची बघा की' म्हणाला, तर त्याला सांगा, की जाणता गाळणारा ती फेकून देतो. शेतावर हुरडा आहे, उसाचा रस आहे, काकवी आहे, ती घेऊन जा.